उन्हाची सोयरीक

आमचे साडू आजवर कुठलीही वस्तू विकत घ्यायला गेलेले नाहीत. ते वस्तूला मागणी घालायला जातात. साधं कुलूप घ्यायचं असलं तरी आधी त्याचं कूळ, मग गाव, मग चालचलणूक, मग त्याच्या थोरल्या भावंडांना कुठल्या घरी दिलंय आणि तिथं ती कशी नांदतायत याची चौकशी. आणि एवढं सगळं मनासारखं जुळलं तरी "घरात इचारून कळवतो" म्हणून उठायचं. दुकानदार बिचारा उपवर मुलीच्या बापासारखा पायरीपर्यंत सोडायला येतो. मी बरोबर याच्या उलट. वस्तूंच्या बाबतीत मी पळून जाऊन लग्न करणाऱ्यांपैकी. मोबाईलवर दिसली, डोळ्यात भरली, आणि घरच्यांना कळेपर्यंत दारात उभी. त्यामुळे आमच्या टिळकवाडीतल्या घरात चालण्याचं एक यंत्र आहे, त्यावर टॉवेल वाळतात. भाजीचे फुलासारखे काप करणारं एक उपकरण आहे, त्यानं आजवर फक्त माझं बोट कापलं. आणि गच्चीवर उन्हानं पाणी तापवणारी टाकी आहे, ती घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की दुपारी उकळतं पाणी देते. आमची ही म्हणते, "दाजींची निम्मी चिकित्सा तुमच्यात आणि तुमचा निम्मा उतावळेपणा दाजींच्यात घातला असता देवानं, तर आम्हा दोघी बहिणींचं सोनं झालं असतं." हे ती चारचौघांत म्हणते, आणि मी मान डोलावतो, कारण ते खरं आहे आणि चहा तिच्या हातात असतो.

साडूंच्या छत्रीची गोष्ट आमच्या नात्यात अजून लग्नाकार्यात सांगतात. निपाणीतल्या एका ओळखीच्या दुकानातून त्यांनी छत्री घेतली, म्हणजे बघायला म्हणून घरी नेली. पण परीक्षा कुठं घ्यायची? "आपल्या हितल्या पावसात काय, डोस्क्यावर पाटी धरली तरी भागतंय," असं म्हणून ते छत्री घेऊन एसटीनं बेळगावला आले, आमच्याकडे जेवले, आणि जांबोटीच्या गाडीत बसले. जांबोटीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना मी सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी नळाखाली बादली पाहिली असेल, आपण बादली आहोत असं समजावं. तिथं उतरून साडू रस्त्यात उभे राहिले. परतीची गाडी आलीच नाही, म्हणून बरंच अंतर चालले. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आले तेव्हा अंगात ताप होता आणि चेहऱ्यावर वरपित्याचं समाधान. "छत्री पास," ते म्हणाले, "मी नापास." मग आमच्याकडेच निजून राहिले, आणि बरे झाल्यावर निपाणीला जाऊन छत्री पक्की केली.

आमच्या घराण्यांचा मूळ धंदा बांगड्यांचा. साडूंचाही, माझाही. पण माझ्या हातून वाढलेल्या बांगड्यांचा ढीग बघून (आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात) माझ्या वडिलांनी मला वेळीच कॉलेजात घातलं. मी भूगोलाचा मास्तर झालो. दगड, डोंगर, नद्या. हातातून पडून वाढण्यासारखं त्यात काही नाही. साडूंनी मात्र पाल, बाजारातलं ते कापडी दुकान, सोडलं नाही. निपाणीचा आठवड्याचा बाजार, आजूबाजूच्या गावांचे बाजार, हंगामात जत्रा, कधी वाट वाकडी करून पार नंदगडपर्यंत. पालाच्या पुढ्यात आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बायकांचे हात हातात घेऊन बसलेली. आणि मागं खोक्यांच्या राशीत साडू. बाई अजून समोरच्या भेळेच्या गाड्यापाशी घोटाळत असते तेव्हाच साडू तिचं मनगट बघून माप ठरवतात. माप विचारणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आणि बांगडी आक्काच्या हाती देण्याआधी ते ती दुसऱ्या बांगडीवर हलकेच वाजवून बघतात. अखंड काच किणकिणते. बारीकशी चीर गेलेली असली, डोळ्याला दिसत नसली, तरी बद्द वाजते. या सवयीपायी ते सगळंच वाजवून बघतात. कलिंगड, माठ, घराचा दरवाजा, आणि एकदा माझ्या भाच्यासाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा यजमानांची तांब्याची घागर. "घागर बद्द वाजली, पाव्हणं," बाहेर आल्यावर ते माझ्या कानात म्हणाले. सोयरीक झाली नाही. कारण दुसरंच होतं, पण साडू आजही घागरीचंच धरून बसलेत.

बाजारात आणि जत्रेत दिवेलागणीला उजेड येतो तो जनरेटरवाल्याच्या वायरीवरून. एका जागी त्याचं धूड धडधडत असतं, तिथून पालापालावरून वायर फिरते आणि प्रत्येकाला एकेक दिवा मिळतो. साडूंची जागा त्यांच्या वडिलांपासूनची, मोक्याची. आणि नेमकं तिच्या पाठीमागं ते धूड बसायचं. लांब सरकावं म्हटलं तर वायर पुरायची नाही, आणि वायर पुरेल तिथवर धूरही पुरायचा. आवाज असा की हे नवराबायको वर्षानुवर्षं एकमेकांशी ओरडूनच बोलत आले. त्याचा एक फायदा होता. गिऱ्हाइकाच्या तोंडावर धंद्याच्या गोष्टी बोलता यायच्या. "आगं, हिला दोन-आठ लागत्यात, पर दोन-सहा म्हणून दे, न्हाय तर लाजंल बिचारी," असं साडू खुशाल ओरडायचे, आणि समोरची बाई काही न कळून हसायची.

मग आक्काला खोकला लागला. आधी ती पदर लावून खोकायची, मग पाणी पिऊन, मग गिऱ्हाइकाचा हात सोडून बाजूला जाऊन. भरता भरता ढास आली की हात हिसकायचा आणि अर्धी चढलेली बांगडी वाढायची. मी तिला बेळगावात डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी पाठीवर दोन बोटं ठेवून ठोकून बघितलं, तेव्हा साडू खुर्चीच्या कडेवर येऊन कान देऊन ऐकत होते. डॉक्टर काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बद्द वाजाय लागलंय न्हवं?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "धूर बंद करा. चुलीचा, जनरेटरचा, कसलाही. औषध मी देतो, पण धुरात बसणार असाल तर औषधाचा उपयोग नाही."

परत येताना गाडीत आक्का खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "चुलीचं काय, गॅस हाय. जनरेटरचं काय करतासा? ह्या वर्सीच्या जत्रेपतोर बघू. न्हायच जमलं तर मी आपली घरात बसते."

साडूंनी बेळगावपासून निपाणीपर्यंत गाडीतलं काहीही वाजवून बघितलं नाही. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. आक्का घरात बसणार म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. मी आपला धंद्याचा विचार करत होतो. साडू भरायला बसले की बायका देवाचं नाव घेतात, तेव्हा पाल बंदच होणार, एवढंच माझ्या डोक्यात. पण मी आक्काला तिच्या घरात पाहिलंय. घरात ती पाहुण्यासारखी अवघडून असते, कपबशी कुठं आहे ते सुनेला विचारते. बाजारात तिच्याभोवती साऱ्या पंचक्रोशीच्या लेकीबाळी. कुणाच्या मनगटाला तिनं पहिल्यांदा काच घातली, कुणाच्या ओटीभरणाला भरली, ते तिच्या बोटांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन आला. "पाव्हणं, उन्हावर चालणारा दिवा बघाय लागतोय." गच्चीवर उन्हाची टाकी असलेला नात्यातला एकमेव माणूस म्हणून, आणि सूर्य हा भूगोलाचा विषय म्हणून, माझी सल्लागार म्हणून नेमणूक झाली होती. टाकी दुपारी पाणी देते हे साडूंना माहीत होतं. पण त्यांचा बाजारही दुपारनंतरच रंगतो, म्हणून तो त्यांना गुणच वाटला असावा.

मग सुरू झाला मुली बघण्याचा कार्यक्रम. बेळगावातलं एक दुकान आम्ही सोडलं नाही. पहिल्या दुकानात साडूंनी उन्हाची पाटी, म्हणजे ते सोलर पॅनेल, भिंतीला टेकवलेलं बघितलं आणि मी आवरायच्या आत बोटाच्या पेरानं वाजवलं. दुकानदार काऊंटरवरून जवळजवळ उडी मारून आला. साडू शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, काच म्हंजे आमच्या घरचीच हाय." घडी घालून पिशवीत नेता येणारी एक पाटी त्यानं दाखवली, मला तर ती लगेच आवडली, पण साडूंनी तिच्याकडे बघितलंही नाही. "घडी पडली की चीर आलीच." मग बॅटऱ्या. घरात इन्व्हर्टरला असते तसली, पाणी घालायची, दांडगी बॅटरी दुकानदारानं पुढं केली. साडूंनी ती उचलून बघितली, खाली ठेवली, आणि बरोबर आलेल्या आक्काला पुढं बोलावून तिला उचलायला लावली. तिला ती जागची हलली नाही.

"आता तुमी दोघं मिळून उचलालच की," दुकानदार म्हणाला.

"आज उचलू. फुडं आमचं वय वाढणार, आन् हिचं वजन काय कमी हुणार न्हाय," साडू म्हणाले. "बारकी नि हलकी दावा."

बारकी, हलकी, लिथियमची निघाली, शिवणयंत्राच्या डोक्याएवढी. आक्कानं ती एका हातानं उचलली. मी खिशातला मोबाईल काढून पैसे भरायच्या तयारीत. पण साडूंनी दुकानदाराला विचारलं, "हिच्या आधीच्या कुठं दिल्यासा?" त्यानं एका चहाच्या गाड्याचा पत्ता दिला. आम्ही तिथं गेलो. गाड्यावर एक बाई होत्या, कानडी बोलणाऱ्या. साडूंनी कानडीतच चौकशी आरंभली. कुरकुर करते का, दमते का, ढगाळ दिवशी रुसते का. त्या बाई आधी गोंधळल्या, मग रंगल्या. "चलो ऐती, अण्णा," त्या म्हणाल्या, चांगली आहे. पण फार खाते. म्हणजे भरायला वेळ लावते, सकाळपासून उन्हात ठेवली तर संध्याकाळला पोट भरतं. साडूंनी मान हलवली. "खात्या घरची हाय," मला म्हणाले, "पर बघू. घाई न्हाय."

घाई नाही. जत्रा तोंडावर आलेली, आक्का रुमाल तोंडाला बांधून बाजारात बसतेय, आणि घाई नाही. अशा वेळी माझ्यातला पळून जाऊन लग्न करणारा जागा होतो. मी मोबाईलवर एक दिवा बघितला. पाटी, बॅटरी, दिवा, सगळं एकत्र. चित्रात त्याच्या उजेडात एक गोरं कुटुंब तंबूपुढं हसत बसलेलं. मागवला. निपाणीच्या बाजारच्या दिवशी गाडी काढून स्वतः घेऊन गेलो आणि साडू काही म्हणायच्या आत पालाच्या दांडीला टांगला. जनरेटरवाल्याला सांगितलं की आज आमच्या मागं चालवू नको, जरा पलीकडं ने. तो बिचारा त्या दिवसापुरता गेलाही. दिवेलागणीला मी बटण दाबलं आणि पालात असा पांढराशुभ्र उजेड पडला की समोरचा भजीवाला डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "अण्णा, आपरेशन कुणाचं हाय?"

गर्दी मात्र झाली. चिकोडीकडच्या एका गावातला लग्नघरच्या बायकांचा घोळका उजेड बघूनच आला, नवरीसकट. हिरवा चुडा भरायचा होता. आक्का एक बांगडी उचलून डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "उजेड लई पांढरा हाय, पाव्हणं. हिरवं कुठलं नि मोरपंखी कुठलं, कळंना झालंय." मी म्हणालो, "आक्का, उजेड जितका पांढरा तितका रंग खरा. हे शास्त्र आहे." असलं शास्त्र कुठल्याच पुस्तकात नाही, ते मी तिथल्या तिथं तयार केलं होतं. आक्कानं माझ्या शिक्षणाचा मान राखला. त्या दिवशी ती एकदाही खोकली नाही, आणि मी घरी येताना गाडीत शीळ घालत होतो.

सकाळी साडूंचा फोन आला. दिवसाच्या उजेडात नवरीचा उजवा हात हिरवागार आणि डावा मोरपंखी निघाला होता. करवल्यांचंही तेच, कुणाच्या एकाच हातात दोन्ही. आणि त्याच दिवशी हळद. चुड्याची बांगडी वाढवून काढायची नाही, ती अखंड उतरवायची, साबणाच्या पाण्यानं, हळूहळू. साडू आणि आक्का खोकी घेऊन निघाले. मी गाडी चालवली, कारण तेवढंच माझ्या हातून सरळ होणार होतं. अंगणात चटई टाकून आक्का बसली आणि एकेक हात सोडवायला लागली. नवरीची आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कासारमामा, उजवा हात लग्नाला नि डावा बारशाला, असं हाय व्हय?"

"चुकलं आत्याबाई. आमचं पाव्हणं शिकलेलं हाय, त्यांनी दिवा आणलाता."

आत्याबाईंनी मला पायापासून वरपर्यंत बघितलं. "काय शिकवतासा?"

"भूगोल."

"म्हंजे उजवं-डावं तरी कळत असंल."

करवल्या हसल्या. नवरीही हसली, आणि तिचा हात सैल पडला, तेवढ्यात आक्कानं शेवटची बांगडी अलगद ओढून काढली. एकही वाढली नाही. तो दिवा हल्ली आमच्या न्हाणीघरात आहे. त्याच्या उजेडात दाढी करताना मी आजारी दिसतो.

त्यानंतर साडूंनी माझा सल्ला घेणं थांबवलं नाही. त्यांचा स्वभाव मोठा आहे. फक्त आता ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यात हिरवी, मोरपंखी, लाल, डाळिंबी अशा बांगड्या घेऊन दुकानं फिरू लागले. भर दुपारी दुकानात शिरायचं, "जरा शटर वढा" म्हणायचं, आणि अंधारात एकेक दिवा लावून त्याखाली बांगड्या धरायच्या. एका दुकानदारानं शटर ओढायच्या आधी गल्ल्याला कुलूप लावलं, त्याला मी दोष देत नाही. शेवटी किंचित पिवळसर, उन्हं कलल्यावर ओट्यावर पडतो तसा उजेड देणारा एक दिवा सापडला, ज्यात हिरवं हिरवं होतं आणि डाळिंबी डाळिंबी. तसले दोन दिवे, ती खात्या घरची बॅटरी आणि काचेची पाटी, असं लग्न एकदाचं ठरलं. घरी आणली तेव्हा आक्कानं दारातच बॅटरीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाटीला हळदीकुंकू लावलं, आणि साडूंनी ते कुंकू पुसून काढलं, कारण दुकानदारानं पाटी स्वच्छ ठेवायला सांगितली होती. मग नवराबायकोत त्यावरून वाजलं.

जत्रा निपाणीपासून जवळच्याच एका गावची. आदल्या संध्याकाळी साडूंनी बॅटरीची शेवटची परीक्षा घेतली. दिवे लावून ठेवून ती पार रिकामी होईपर्यंत बसून राहिले. "शेवट बघितल्याबिगार सुरवात करू ने," म्हणाले. मी सुचवलं की घरच्या प्लगला लावून रातोरात भरून घेऊ. "मग उन्हाची कशाला केली? जत्रंत ऊन न्हाय व्हय?" तेव्हा सकाळी आम्ही जत्रेत पोचलो ते रिकामी बॅटरी घेऊन. साडूंनी आधी वडिलांच्या जागेवर जाऊन मातीला हात लावून नमस्कार केला. मग तिथून उठून सगळ्यात लांबच्या कडेला, तळ्याच्या काठी, जिथं वायर कधीच पोचली नव्हती आणि म्हणून संध्याकाळी कुणी बसत नव्हतं, तिथं पाल ठोकलं. "हितं गिऱ्हाईक यील काय वो?" आक्का म्हणाली. साडूंनी पाटी उन्हाकडं तोंड करून पालाच्या आढ्यावर चांगली बांधली, वायर बॅटरीला जोडली, बॅटरीवरचा बारका हिरवा ठिपका लुकलुकायला लागला, आणि आम्ही दोघं जग जिंकल्यासारखे चिरमुरे खात बसलो. मी कॉलेजात रजा टाकून आलो होतो. असला सोहळा कोण चुकवणार.

ऊन चढलं. साडूंनी वर बघितलं, पाटीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "पाव्हणं, लई तापलीया. तडकंल." आयुष्यभर बांगड्यांचा धंदा केलेल्या माणसाला एक गोष्ट रक्तातच माहीत असते, की काच उन्हात ठेवायची नाही. रंग उडतो, आणि तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की चीर गेलीच. त्यांनी पालातली जाड वाकळ काढली. "त्या टोकाला धरा." मी धरलं. आम्ही दोघांनी ती पाटीवर नीट पसरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून मी चारी कोपऱ्यांना गाठी मारल्या. सूर्य, पृथ्वी, कर्कवृत्त, हे सगळं मुलांना शिकवणाऱ्या माझ्या मनात एका क्षणासाठीही काही आलं नाही. उलट मी म्हणालो, "आता कशी गार राहील."

उन्हं उतरली तेव्हा आक्काला मांडीखाली घ्यायला वाकळ हवी झाली. ती उठली, वर बघितलं.

"हे काय झाकून ठिवलंयसा?"

"काच हाय गं. उन्हानं तडकली असती."

आक्कानं हात वर करून एक गाठ ओढून बघितली. "व्हय. पर ती ऊन खाणारी काच न्हवं? जेवायच्या टायमाला तोंड बांधून ठिवलंसा तिचं." मग माझ्याकडं वळली. "आणि पाव्हणं, तुमी काय करत हुतासा?"

"मी गाठी मारल्या," मी म्हणालो.

बॅटरीवर निम्म्याहून कमी दाखवत होतं. साडू खोक्यांच्या राशीशेजारी बसले आणि उठेनात. त्यांनी छत्रीसाठी ताप काढला होता, दिव्यासाठी सारं बेळगाव पालथं घातलं होतं, आणि नेमक्या त्या दिवशी, ज्याच्यावर आक्काचं बसणं-न बसणं ठरणार होतं, त्यांच्या हातांनी आयुष्यभराची शिस्त पाळली होती. तेवढ्यात जनरेटरवाला आला. त्याला कळलं होतं. भला माणूस. "आण्णा, माज्याकडं बारकं मशीन हाय. पालामागं आणून ठिवू काय? येळ निभंल."

साडूंनी आक्काकडं बघितलं. आक्का बांगड्यांचा तोडा सोडत होती, वर बघितलं नाही. पण तिचा हात थांबला होता.

"नगं," साडू म्हणाले. "एकच दिवा लावतो. हिच्या म्होरं. मला काय, अंधारात बी माप कळतंय."

तो एक पिवळसर दिवा लागला. पालापुढनं जाणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सवयीनं त्याला हात जोडले. तळ्याकाठच्या काळोखात तो एकटाच, त्यामुळे लांबून दिसत असावा; कारण थोड्या वेळानं बायका विचारत विचारत यायला लागल्या. "कासारमामा, हितं व्हय यंदा? आमी तिकडं धुंडतोय." एक धिप्पाड, हसऱ्या बाई आक्कासमोर बसल्या, हात पुढं केला, आणि मागच्या अंधारातून साडूंचा जुना, जनरेटरच्या वरताण आवाज आला, "आगं, दोन-आठ लागत्यात, पर दोन-सहा म्हणून दे, न्हाय तर लाजंल बिचारी."

तळ्याच्या काठाला जनरेटरची धडधड नव्हती. शब्द न् शब्द पाण्यावरून पलीकडं गेला आणि परत आला.

"मामा," त्या बाई म्हणाल्या, "ऐकू येतंय."

मग त्या बाईच हसायला लागल्या, त्यांच्या बरोबरच्या हसल्या, आणि आक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला वाटलं आता ढास येते. आली नाही. "दोन-आठच द्या," त्या बाई म्हणाल्या. "इतकी वर्सं दोन-सहा घालते म्हणून मी घरी सांगत हुते. तरीच म्हटलं, दुसरीकडच्या का चढत न्हाईत."

त्यानंतर साडूंचा आवाज उतरत उतरत गेला. आधी त्यांना हळू बोलायला जमेना. वाक्य मोठ्यानं सुरू व्हायचं आणि मधेच स्वतःच दचकून खाली यायचं. मी त्यांच्याजवळ अंधारात बसून खोकी हातात देत होतो, बरीचशी चुकीची. ते बोटांनी माप घेत, बांगडीवर बांगडी वाजवत आणि आक्काकडे सरकवत. किण. किण. किण. मग एक बद्द.

साडू थांबले. तीच पुन्हा वाजवली.

"ठेवा बाजूला ती," आक्का मान न वळवता म्हणाली. तिच्या हातात कुणाचा तरी हात होता.

"ऐकू आलं व्हय गं तुला?"

"ऐकू येतंयच की."

साडू माझ्याकडं झुकून म्हणाले, "किती वर्सं झाली, पाव्हणं. मशीनच्या आवाजात वाजवायचो खरं, पर ऐकू कुठलं यायला. बोटानं चाचपूनच वळखायचो. वाजवायचं ते आपलं सवयीनं." ती बांगडी त्यांनी टाकली नाही; सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी विचारल्यावर म्हणाले, "चीर गेलीया, पर रंग कसला हाय बघा की." अंधारात मला रंग कसा दिसणार, पण मी हो म्हणालो.

जत्रा पांगली. बॅटरीवरचा ठिपका लाल झाला होता, पण दिवा आक्कासमोर अजून होता. साडू उठले, तिच्याजवळ गेले, आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पालात पहिल्यांदाच, तिला अगदी हळू विचारलं, "मग? घरात बसतीस काय?"

आक्का मांडीवरचा काचेचा चुरा झटकत होती. खोकला तिला आजही आहे. डॉक्टर म्हणतात तो पुरता जायचा नाही, पण धूर नसला तर वाढायचाही नाही. त्या संध्याकाळीही शेवटी एकदा आलाच. तो जाऊ देऊन ती म्हणाली, "फुडच्या बाजारला ती हिरवी खोकी जरा वर ठेवा. सारखं वाकाय हुत न्हाय."

साडूंनी मान हलवली. मग दुकान वाढवायला घेतलं. दिवा मात्र त्यांनी शेवटी काढला, आणि काढण्याआधी, सवयीनं, त्याच्या काचेवर एकदा हळूच टिचकी मारून बघितली.